न पडलेला नारळ

वर बघायचं नाही, हा आबांचा नियम.
डोळ्यात भुसा जातो. आणि बघत राहिलं
की पाय हलत नाहीत.
म्हणून मी ओकांच्या वाडीत, पाटाच्या पलीकडे,
जायफळीच्या बुंध्याला पाठ टेकून,
हातात रिकामी टोपली
आणि कानात फक्त कोयता.

कट्.
मग काहीच नाही.
मग धप्प.

त्या काहीच-नाहीत मी लहानाची मोठी झाले.

कुणी शिकवलं नव्हतं, मी आकडेही मोजले नाहीत.
पण विहिरीकडच्या ठेंगण्या माडाचं काहीच-नाही आखूड,
गिळलेल्या आवंढ्याएवढं;
आणि कुंपणावरच्या वाकड्याचं,
ज्यावर आबा देवाचं नाव घेऊन चढायचे,
एवढं लांब की मधे कावळा ओरडून घेई.
माड दर वर्षी हातभर वाढत
आणि माझ्यातलं कुणीतरी, मला न विचारता,
तेवढाच दोर सैल सोडी.

धप्पच्या आधी, केसभर आधी,
मान खांद्यात जायची.
भीती नव्हती ती.
हजेरी होती, शाळेतल्यापेक्षा चोख.

एकदा मात्र कट् झालं
आणि पुढे झालंच नाही.
मान खांद्यात गेली ती तिथेच राहिली.
अख्खी वाडी कानाशी आली,
पाटाचं पाणी, सुपारीच्या झावळीची घासाघीस,
पुळणीपलीकडचा समुद्र,
जणू मयताच्या दारात गोळा झालेली माणसं.
"काय गं?" वरून आबा.
"पडला नाही."
"मग काय उडाला?"
शेजारच्या उडवीत सापडला, पेंढ्यात रुतलेला,
कोंबडीखालच्या अंड्यासारखा निवांत.

आता मी रत्नागिरीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
लोकांच्या डोक्याला तारा लावते.
केस धुतलेत ना? तेल नाही ना?
मग कानात टिक्, टिक्, टिक्, टिक्,
आणि मधेच यंत्र मुद्दाम एक गाळतं.
शेकडो टिक् एकावर एक ठेवून सरासरी काढली
की पडद्यावर दिसतं:
जिथे काही वाजलंच नाही
नेमकी तिथे रेघ उठलेली.

जयगडचे इब्राहिम होडेकर, तरीवरचे जुने खलाशी,
तोंड उघडं टाकून पेंगत होते. त्यांचीही उठली.
"हे काय?"
"तुम्ही ओ दिलीत."
"कोणाला?"
"न आलेल्या हाकेला."
हसले नाहीत. डोक्यावरचा लेप पुसत म्हणाले,
धक्क्यावर उडी टाकायची तर
लाट वर यायच्या आधी गुडघे ठरवतात.
त्यांना विचारत बसलो असतो
तर कधीच मधल्या पाण्यात गेलो असतो.

आबा सहा वर्षं भावाकडे पनवेलला होते.
तिथे वरून काही पडत नाही,
पडलं तर पोलीस येतात.
या शिमग्याला परतले, ओकांच्या पडवीत बसले,
हातात अडकित्ता, समोर वाडी.
पालशेतचा रोहिदास पायात यंत्र अडकवून
वाकड्यावर चढला होता.

कट्.
मी माडाकडे पाहत नव्हते. आबांकडे पाहत होते.
पापणी मिटली. उघडली.
आणि मग धप्प.

"उशीर लावतो हा," आबा म्हणाले.

मला सांगता आलं असतं,
सहा हात, आबा, तुमच्यामागे सहा हात वाढला तो,
तुमचा दोर अजून तिथेच आहे.
पण कोयता पुन्हा वाजला,
पापणी अजून थोडी आधीच,
पुन्हा वाजला,
आणि चौथ्या नारळाला
पापणी अन् धप्प यांच्यात
केसभर जागा उरली, जेवढी पूर्वी असायची.

आबांनी समाधानानं सुपारी कातरली.
"आता शिकला पोरगा."